मारव्यातला पंचम

इंदूरला जेल रोडवर दुकान आहे माझं.
चार्जर, कव्हरं, फुटलेल्या काचा बदलून मिळतात.
वर पोटमाळ्यावर एक स्पूल-डेक आहे,
त्याचं गिऱ्हाईक वर्षा-दोन वर्षांतून एक.

शरयूबाई कोरान्ने यांच्या भाच्यानं पिशवी आणून ठेवली.
एकच मैफल, चार वस्तूंत:
एकाहत्तरच्या गणपतीत रामबागेत कुणीतरी भरलेलं स्पूल,
त्यावरून निघालेल्या कॅसेटची कॅसेट,
त्या कॅसेटची सीडी,
आणि सीडीवरून मोबाइलवर गेलेली,
मावशी-काकूंमधून फिरून फिरून झिजलेली
चार एमबीची एमपीथ्री.
सतरा मिनिटं. व्हायोलिन. मारवा.
"यातलं चांगलं कुठलं ते सांगा," म्हणाला,
"तेच सगळ्यांना वाटतो."

तौसिफला बसवलं बदलायला.
मी डोळे मिटून, हेडफोन लावून,
कुठलं चालू आहे ते न सांगता लाव म्हटलं.
दोन फेऱ्या झाल्यावर तोच कंटाळला:
"भिया, सब एक सरीखा तो है."

एक सरीखं नव्हतं.
कॅसेटमध्ये व्हायोलिनला पडसं झालेलं,
लांब सूर धरला की ओल्या निसरड्या फरशीवर
पाय ठेवल्यासारखा हलायचा.
सीडीत तेच पडसं, कपडे फक्त इस्त्रीचे.
एमपीथ्रीत गज तारेवरून चालतच नव्हता,
वरच्या वर जात होता,
राळेची खरखर नाही, वजन नाही.

आणि स्पूल.
आधी नुसता मंडप ऐकू येतो. सूं.
कनातीची दोरी कुठंतरी करकरते,
कुणीतरी बशी ठेवतं, जपून, तरी वाजतेच.
मग कोमल ऋषभ, चढा, बाईंचा,
त्यात राळ, घोड्याचे केस, लाकूड, सगळं.
सहाव्या मिनिटाला ऋषभावरून धैवताकडे वळताना
गज शेजारच्या मोकळ्या तारेला शिवला.
पंचम.
पापणी लवेल एवढाच.
पण मारव्यात, जिथं त्याला
उंबऱ्याबाहेर चपला काढायलाही जागा नाही.

मागं नेऊन तीनदा ऐकलं.
मग बाकीची तिन्ही लावली त्याच जागी.
कॅसेटच्या हलण्यात तो विरघळलेला,
सीडीतही तसाच.
एमपीथ्रीचा तर हिशेबच ठरलेला असतो:
मोठ्या सुराच्या अंगाला लागून बारका सूर आला
तर माणसाला तो कळत नाही,
मग जागा कशाला अडवायची? काढून टाका.
भरल्या पंगतीत धाकट्या सुनेचं बोलणं
असंच जात असेल.

लोकमान्य नगरला गेलो. बाई चौऱ्याऐंशीच्या.
उजव्या घोट्यावर काळा घट्टा,
व्हायोलिनचं डोकं साठ वर्षं टेकलेलं तिथं.
मी मोबाइलवरचं लावणार होतो आणि निघणार होतो.
"मूळ आणलंयस ना?" त्यांनी विचारलं.
कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलं
आणि माझे हेडफोन मागितले.

मी घड्याळ बघत होतो, मूर्खासारखा.
सहावं मिनिट आलं
आणि बाईंचं उजवं कोपर, मांडीवर पडलेलं,
अर्धा इंच वर उचललं गेलं.
तार वाचवायला.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या, जरा मोठ्यानं,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.
"खाली उतरले तर सगळे वा वा.
तबल्यावर वसंता मोघे होता,
त्यानं तेवढं बघितलं माझ्याकडे, डग्गा पुसता पुसता."

भाच्यानं विचारलं, मग कुठलं वाटू?
"ते मोबाइलचं फिरतंय ना, फिरू दे.
त्यात मी चांगली वाजवलीय."

मी हेडफोनसाठी हात पुढं केला.
त्यांनी दिले नाहीत.
"थोडं आधीपासून लाव."

लावलं. परत लावलं. पाच वेळा असेल, सहा असेल.
दर वेळी कोपर उचललं.
दर वेळी लागलाच.