चार कलमं बाकी

जतच्या विश्रामगृहात पंखा एकच चालतो.
तो दोन्ही गावांच्या बरोबर मधे यावा
म्हणून शिपाई अर्धा तास टेबलं सरकवत होता.
इतिवृत्त लिहायला मी. अकरा वर्षं मीच.
दोन्ही भाषा येतात म्हणून शाळेतून उचलून आणलं होतं,
बोटांना खडू तसाच.

तेव्हा ओढ्यावर डोकी फुटली होती.
मायाप्पाचा डावा हात कोपरापासून गेला,
चनबसूची कडब्याची गंज तीन दिवस धुमसत राहिली.
मग तह. नऊ कलमं, बत्तीस सह्या, सात अंगठे.
पेढे वाटले. मायाप्पानं उजव्या हातानं घेतला.

पाच कलमं सोपी, ती झाली:
एकमेकांच्या जत्रेला जायचं, पोरं एका शाळेत घालायची, असली.
चार राहिली.
त्यांच्यापुढे मी दरवर्षी 'प्रलंबित' लिहिते;
हा शब्द आता माझ्या सहीपेक्षा वळणदार येतो.

आजही सातव्यावर अडलं.
बंधाऱ्याचे अठरा बर्गे, त्या रात्री खालच्यांनी उपसून नेलेले.
"आधी बर्गे द्या," वरचे.
"आधी पाणी सोडायचं लिहून द्या," खालचे.
बर्गेच नाहीत तर पाणी अडायचं कुठं,
आणि अडलंच नाही तर सोडायचं काय,
हे प्रांतसाहेबांनी विचारलं. सगळे हसले.
अकरा वर्षांत एवढ्या एका गोष्टीवर एकमत.

"मातु कोट्टिद्रि," सिदराया म्हणाला.
कानडीत बोलणी म्हणजे मातु, दिलेला शब्द म्हणजेही मातु.
मराठीत आणताना मला दर वेळी एकच निवडावा लागतो.
आज मी 'शब्द' निवडला.
खालच्या बाजूला कुणीतरी खुर्ची सरकवली.

ती शालन. रखमाजी तोरव्यांची लेक.
बत्तिसांतल्या सह्यांत त्यांची चौथी; ते गेल्या पावसाळ्यात वारले.
म्हणाली, सोसायटीचं कर्ज सात-बाऱ्यावर चढतं,
बापानंतर आपल्या नावावर येतं, मी फेडतेय.
याची नोंद कुठल्या तलाठ्याकडे असते?
कुणी बोललं नाही. पंखा फिरत होता.
"ट्रॉली बाहेर उभी आहे. सहा आमच्या गोठ्यात होते.
बाकीच्यांचं ज्याचं त्यानं बघावं."

तिच्याच गावचे दोघे उठून गेले.
दार त्यांनी आपटलं नाही, एवढं मी लिहून ठेवलं.

दुपारी आम्ही सगळे ओढ्यावर.
बर्गे वाळवीनं खाल्लेले, एकावर पोरांनी स्टंप आखलेले.
सिदरायानं एक उचलून खाचेत घातला.
बसेना. खाचच गंजून फुगली होती,
की लाकूड वाकलं होतं, यावर पुन्हा वाद.
मायाप्पानं उजव्या हातानं वरून दाबला,
चनबसूनं पायानं.
अर्ध्यावर गेला आणि अडकला.

ओढ्यात पाणी म्हणाल तर घोट्याएवढं.
ते आलं, थांबलं, फटीतून खाली निघून गेलं.
फट किती, शालननं वितीनं मोजली.
सुताराला कोण सांगणार, पैसे कुणाचे,
ते पुढच्या बैठकीत.

रात्री इतिवृत्त साफ करायला बसले.
सातव्यापुढे काय लिहू?
'पूर्ण' लिहवत नाही.
'प्रलंबित'चा प्र लिहिला, आणि पेन तसंच धरून
बराच वेळ ओढ्याकडच्या अंगाला कान देऊन बसले.