रिकामी फिरवू नये

उसगावच्या भंगारात ती पडली होती
तराजूच्या मागे, फाटक्या टायरांत, कुशीवर.
बार्जचा नांगर ओढणारी मोटर.
मल्लेशी म्हणाला, "लोखंडाच्या भावानं नेता की तांब्याच्या?"
मी नखानं गंज खरवडला.
पितळी पाटीवर अर्धं नाव उरलेलं,
आणि चोवीस व्होल्ट.

बाबांना सांगितलं नाही कुठल्या बार्जची ते.
त्यांनी विचारलंही नाही.
शाफ्टवर तळवा ठेवून एवढंच म्हणाले,
"हिनं चिखल बघितलाय."

आमोण्याच्या धक्क्यावर खनिज थांबलं
त्याला किती वर्षं झाली, आता मोजत नाही कोणी.
बाबा रोज आंघोळ करून, शर्ट खोचून
सोप्यावर येऊन बसतात.
कुठं जायचं नसलेल्या माणसाच्या चपला
किती स्वच्छ राहतात.

सांगाडा रिक्षाचा, मयेच्या कायतानकडून.
जोडकामाचे पैसे त्यानं घेतले नाहीत,
जाताना मानकुरादचं एक कलम मात्र उचललं.
बॅटऱ्या इन्व्हर्टरच्या, चार, थकलेल्या.
कार्बन ब्रश मिळेनात. म्हापशात नाही, फोंड्यात नाही.
तेव्हा बाबा उठले.
कुठल्याशा क्रेनचे ब्रश घेऊन
दोन दिवस पॉलिशपेपरवर घासत बसले,
मग तोच कागद कम्यूटेटरभोवती गुंडाळून
त्याच्या गोलाईवर उतरवले,
दाढी करावी तशा हलक्या हातानं.
ओटा काळा, नाक काळं,
आईचं तोंड तर त्याहून.

मी बाकड्यावर तशीच चालू करून बघणार होते.
बाबांनी मनगट धरलं.
"सीरिजची ना ही? रिकामी फिरवू नये.
ओझं नसलं की थांबायचं कळत नाही हिला.
वेग, वेग, आणखी वेग,
मग स्वतःच्याच तारा उपटून फेकते.
मी बघितलंय."
मोटरविषयीच बोलत होते.

पहिल्या दिवशी गाडी मागे गेली.
तुळशीपासून वीतभर अंतरावर कॉन्टॅक्टर सोडला.
बॅटरीच्या तारा उलट केल्या.
पुन्हा मागेच, तितक्याच निष्ठेनं.
डिचोलीच्या आयटीआयत गावस सरांनी
फळ्यावर काढून दाखवलेलं, मी विसरले होते:
सगळंच उलटवलं तर काही उलटत नाही.
आर्मेचर आहे तसं राहू दे,
फक्त फील्डची टोकं बदल.

रविवारी पहाटे निघालो.
नंबर नाही, कागद नाहीत.
आरटीओत काय सांगणार, मोटर पाण्यातली आहे म्हणून?
मागे मी रेतीच्या तीन गोण्या टाकल्या होत्या.
बाबांनी एक उतरवली
आणि तिच्या जागी चढून बसले.
"ओझं हवं होतं ना?"

ठक्.
आणि खालून तो घुमारा,
साखळी ताणली की बार्जच्या नाळीवर
पायाच्या तळव्यांना ऐकू यायचा तसा असेल.
मी कधी गेले नव्हते त्यांच्याबरोबर.
आरशात बघितलं,
बाबांनी चपलांतून पाय काढले होते
आणि पत्र्यावर टेकवले होते.

नदीपर्यंत उतार. येताना चढ.
शाळेच्या वळणावर मीटर एकेचाळीसवर आला
आणि गाडी कण्हली.
उतरलो. गोण्या तिथंच कठड्याला लावल्या.
मी हँडल धरलं, बाबा मागून,
"हं, सोड... ओढ... डावीकडे, डावीकडे घे गो!"
एवढा मोठा आवाज त्यांच्याकडे शिल्लक होता
हे कुत्र्यांनाही नवीन होतं.

घरी पोचलो तर आई पायरीवर उभी.
गाडीकडे बघितलंच नाही तिनं.
"आधी चपला धुवा," म्हणाली,
"तांबडं सगळं घरात आणू नका."