वीतभर

शाहाबादी फरशीवर वाढलेली कांडी
अक्कलकोट रोडच्या या नव्या घरात
उंबऱ्यातच बसली.
आत टाइल्स, दुधाळ, चकचकीत,
ट्यूबलाइट खालूनही पेटल्यासारखी.
पहिल्या दिवशी चार पाय चार दिशांना गेले,
ते ती विसरेना.

पाव, खारी, लाडीगोडी, काही नाही.
ओढलं तर नखं वाजायची नुसती.

मग कारखान्यातून सेकंडचा माल आणला:
सूत तुटलेले टॉवेल,
अर्ध्या मोराची एक चादर.
दारापासून मोरीपर्यंत कडेला कड लावून अंथरला.
हाक नाही मारली.
मोरावर बसून राहिले भाकरी मोडत,
तिच्याकडे पाठ करून.
चौथ्या दिवशी मानेला ओला श्वास लागला.

त्यानंतर रोज एक टॉवेल वीतभर लांब.
फट आली की ती थांबायची,
नाकानं टाइल वाचायची,
पंजा ठेवायची, काढायची,
ठेवायची.

नायना कॉटवरून बघायचे.
चाळीस वर्षं मागाशी उभे राहिलेले पाय
खाली सोडून.
"एवढं काय भ्यायचं त्यात," म्हणायचे.

आता मे. चव्वेचाळीस.
कांडी पंख्याखाली
उघड्या टाइलला पोट लावून पसरलेली.
मी टॉवेल गोळा करायला वाकले,
तर नायना म्हणाले,
राहू दे गं, तिला लागतील.

रात्री अडीचला नळ आला म्हणून उठले.
भिंतीला हात लावून नायना चालले होते
टॉवेलवरून टॉवेलवर.
कांडी पुढे, थांबत थांबत.

सकाळी सगळे टॉवेल
वीतभर जवळ सरकवले.