भुशाखालचा बर्फ

मे महिना, जळगाव. पारा पंचेचाळीसवर.
प्रयोगशाळेतला कूलर वाळ्याच्या ताट्यांतून
कोमट वारा ओढतो,
आणि मी पडद्यावर हिमनदीची कड आखते,
टिंबापुढे टिंब,
गोधडीला धावदोरा घालावा तशी.

डावीकडे जुनं हवाई छायाचित्र, काळंपांढरं.
त्याच्या समासात एक घड्याळही उमटलंय:
दहा वाजून वीस मिनिटं.
विमान कोण चालवत होतं, ठाऊक नाही.
त्या मिनिटाला बर्फ खिंडीच्या तोंडाशी होता,
एवढं ठाऊक.

उजवीकडे गेल्या सप्टेंबरची उपग्रह-प्रतिमा.
बर्फ मोरपिशी, खडक विटकरी,
ढगाची एक चिंधी कड्याला अडकलेली.
एक ठिपका म्हणजे तीस मीटर.
तेवढ्यात आमची गल्ली मावते
पिठाच्या गिरणीसकट.

वरची कड सोपी. अडतं ते तळाशी,
जिथं दगडगोट्यांच्या पांघरुणाखाली
बर्फ आहे की संपला, उपग्रहाला उमगत नाही.
यंत्र म्हणतं: खडक.
मला भुसावळ आठवतं.

अण्णा बर्फाच्या कारखान्यात होते.
पहाटे अमोनियाच्या वासात लाद्या निघायच्या;
वर लाकडाचा भुसा, त्यावर ओलं पोतं,
आणि हातगाडी स्टेशनाकडे.
बघणाऱ्याला वाटावं, वखारीतला कचरा चाललाय.
आत किती उरलाय, कसं कळतं? मी विचारायचे.
"हात लावल्याबिगर कसं समजीन, पोरी?"

माझा हात तिथवर पोचत नाही.
मी फालक सरांचा स्टिरिओस्कोप काढते,
एक आरसा कोपऱ्यात तडकलेला.
दोन छायाचित्रं सरकवत राहते, सरकवत राहते,
नजर जुळते आणि डोंगर एकदम अंगावर उठतो.
त्या उंचीतून आजची उंची वजा केली
की दिसतं, पांघरूण जागच्या जागी आहे
फक्त खाली बसलंय,
आतला माणूस उठून गेल्यावर
गोधडी बसते तसं.

तक्त्यात लिहिते: माघार आठशे दहा मीटर,
अधिक-उणे साठ.
दुपार सगळी त्या साठात गेली.

चारला वीज जाते. कूलरचं पातं
दोन गिरक्या उधारीवर घेऊन थांबतं.

घरी जाताना रसवंतीशी उभी राहते,
पोत्याखाली हात घालते.
"ताई, काय हरवलं?"
भुसा, भुसा, ओला भुसा,
मग बोटांना चटका.
आहे अजून, मी म्हणते.
तो चरक फिरवतच सांगतो,
"चार गिलासांपुरता."