रुमालाखाली

उदगीरला लाईट गेली की
हुडे मॅडम खुषीत.
खडूनं फळ्यावर दोनच आकडे, शून्य नि एक,
मग बोटं उघडत, मिटत
एकाच हातावर एकतीसपर्यंत मोजून दाखवायच्या.

बाजाराच्या दिवशी तास नसायचा.
अर्थशास्त्राच्या गुंडरे सरांच्या स्कूटरवर
मागं बसून हाळीला, बैलबाजारात.
तिथं हेडी रुमालाखाली हात घालतात,
बोटं दाबतात,
भाव ठरतो, आणि बैल रवंथ करत राहतो.

मैनोद्दीन हेडी म्हणाला,
"लिहून काय करायलाव बाई?
रुमाल काढला की सौदा मोडला."
बाईमाणसाचा हात कसा धरावा,
म्हणून सगळ्या खुणा त्यानं
बैलाच्या शिंगावर दाबून शिकवल्या.

तीन वर्षं झाली.
पेपर दोनदा परत आला:
हा विषय नेमका कोणत्या विभागाचा?

परवा गुप्तलेखनाच्या तासाला
त्यांनी मला पुढं बोलावलं,
हातावर रुमाल टाकला.
चार बोटं, थांबून अंगठा,
पुन्हा मधलं एक.
"कळलं?"
मी आकडा सांगितला.

"मोठ्यानं कशाला गं," त्या म्हणाल्या,
"गेला की बैल."