वाराई

सामना संपलाय, पण उठू नका, मंडळी.
फाटकापाशी सदोबा भोईटे उभा आहे,
त्याच्या हातात बटाट्याचं रिकामं बारदान.
ते आता रांगेरांगेतून फिरेल.
घाबरू नका, धुऊन आणलंय.

मी कांदा-बटाटा मार्केटातला, तिसऱ्या पाकळीतला.
एकवीस वर्षं पाठीवर पन्नास-पन्नास किलो.
भाषण मला येत नाही.
एवढंच कळतं,
की माल इथून उचलून तिथं ठेवला की वाराई होते.
माल कुणाचा, भाव चढला की पडला,
ते मालकाचं मालक बघेल.
आधी वाराई.

आता ही हर्षाली मढवी, गोठिवलीची.
शेवटच्या चढाईला तुम्ही सगळे खुर्च्यांवर उभे होता,
खुर्च्या मंडपवाल्याच्या, दोन मोडल्यात, ते वेगळं.
आपण दोन गुणांनी मागं.
समोर सहा जणी.
तिनं बोनस घेतला, वळली,
आणि एकीनं घोटा धरला, दुसरीनं कंबर,
तिसरी वरून पडली.
तरी ती सरकत राहिली मॅटवर, छातीवर,
मध्यरेषेला लागलं ते मधलं बोट.
नुसतं नख म्हणा.

तीन पोरींचं ओझं मी डोळ्यानं तोललं,
एकशे साठ किलो. दोन-चार इकडंतिकडं.
माझा अंदाज चुकत नाही.
पण त्यांच्यावर आपण होतो,
आख्खं कोपरखैरणे, शिट्ट्या, ढोल, पोरांचे मोबाइल,
तेही तिनंच ओढत आणलं अलीकडं.
त्याचा काटा कुठला?

कॉलेजनं काय दिलं विचारा.
एक ट्रॅकसूट, बाह्या लांब.
सामन्याच्या दिवशी दोन केळी.
प्रमाणपत्र, त्यावर नाव हर्षल.
आणि पाम बीचच्या सिग्नलला ‘प्रवेश सुरू’चा फलक,
त्यावर ती वीस फूट उंच झेपावलेली.
गुडघ्याची पट्टी तेवढी पुसून टाकलीय.
फलकावर बघून पोरं फी भरतात.
हिची फी अजून अर्धी बाकी.

पहाटे तीनला मी मार्केटला निघतो,
तेव्हा ती महाप्याच्या गोदामातून खोकी चिकटवून
टेम्पोतून उतरत असते.
एकदा विचारलं, पोरी, झोपतेस कधी?
म्हणाली, काका, पकडीत सापडले की.
हसली.
मला मात्र दिवसभर पोतं जड गेलं.

परवा कुणी म्हणालं,
पोरांच्या हातात पैसा आला की खेळ बाटतो.
म्हणणाऱ्याचा गाळा माझ्याच पाकळीत आहे.
तोलाईत रुपया कमी पडला
तर तो माणूस दुपारी जेवत नाही.

तेव्हा हे दान समजू नका.
दान देवळात करा, तिथं पेटी आहे.
ही मजुरी आहे, थकलेली.
वही ताजुद्दीनकडं आहे, पावती मिळेल,
बारा जणी, बारा सारखे वाटे,
जिनं आज नुसत्या बाटल्या भरल्या
त्या राखीव प्राजूलाही तेवढाच.
शिट्टी मारलीत, त्याचे दहा टाका.
नाचलात, त्याचे पन्नास.
‘आपली पोरगी’ म्हणालात ना मघाशी, ओरडून?
त्याचं तुमचं तुम्ही ठरवा.

...आलं का बारदान?
बघू.
हं.
नोटेला वजन नसतं म्हणतात,
पण रिकामं पोतं हाताला लगेच कळतं, सदोबा.
चाळीस रुपये, एक बटण, कुणाचं तरी बसचं तिकीट.
आणि पहिल्यांदा फिरवलं तेव्हा तर तेही नव्हतं.

बसा, बसा.
खेळ बघणारी माणसं तुम्ही,
नियम मी काय सांगू.
दोन चढाया रिकाम्या गेल्या
की तिसरीला गुण आणायचा,
नाहीतर बाद.

सदोबा, फिरव परत.
दम धर, आणि मागच्या रांगेपासून सुरू कर.