मुक्काम पोस्ट

लेलँड ओस्टरहाउस, वय एकोणीस.
कागद सगळे जागच्या जागी होते:
गाडीची नंबरप्लेट मोंटानाची,
मासे धरायचा परवाना मोंटानाचा,
वाचनालयाचं कार्ड, त्यावर चाळीस सेंट दंड थकलेला,
तोही मोंटानाचाच.
फक्त दिवस कमी भरत होते.

नियम म्हणतो, सलग बारा महिने.
हा मोजून साडेसात महिने राहिला
आणि जानेवारीच्या अखेरीस बापाबरोबर
ट्रकवर चारशे पेट्या चढवून
कॅलिफोर्नियाला गेला, बदामाच्या बागांत.
"कशाच्या पेट्या?"
"मधमाशांच्या."
विंचवाचं बिऱ्हाड ऐकलं होतं.
हे बिऱ्हाड तर स्वतःच डंख मारणारं,
जाळी टाकून, दोरखंडानं आवळून
तेराशे मैल नेलेलं.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.

"मार्चमध्ये परत आलात?"
"नाही, आधी वॉशिंग्टनला. सफरचंदं. नऊ दिवस."
मी नऊ लिहिले.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात.

फरक वर्षाला वीस हजार डॉलरच्या वर.
त्याला तो आकडा पाठ होता,
मला विचारावं लागलं नाही.
"मासे धरायला मी इथला," तो म्हणाला,
"शिकायला नाही?"
माशांचं खातं वेगळं, मी म्हटलं.
आणि लगेच जीभ चावली.

कलम चौदा: इथे कायम राहण्याचा
आपला हेतू आहे काय? असल्यास पुरावा जोडावा.
या खुर्चीत बसून मी हेतूचे पुरावे पाहिलेत:
दफनभूमीतल्या जागेची पावती,
कुत्र्याचा परवाना,
एकीनं तर लग्नाची पत्रिका जोडली होती,
नवरा मुलगा ठरायचा होता.
मी स्वतः नेब्रास्काहून
एका हिवाळ्यापुरती आले.
त्याला सव्वीस वर्षं झाली.
हेतू मला कुणी विचारला नाही,
विचारला असता तर अजूनही
काय लिहिलं असतं कोण जाणे.

लेलँडनं रकाना मोकळा सोडला होता.
कडेला पेन्सिलीनं, बहुतेक स्वतःशीच:
"बाबा म्हणतात पेटी हलवायची तर
तीन फूट, नाहीतर तीन मैल.
मधल्या अंतरावर ठेवली की माश्या
जुन्या जागी परततात
आणि जिथे पेटी नाही
तिथे संध्याकाळपर्यंत घिरट्या घालतात."
हा पुरावा म्हणून धरता येत नाही.
खोडरबर हातात घेतला, खाली ठेवला.

जाताना त्यानं मधाची बाटली टेबलावर ठेवली.
भेटवस्तू चालत नाहीत, मी म्हटलं,
भिंतीवरची पाटी दाखवली.
तो लाजला. बाटली उचलली.
त्या उचलण्यात लेबल माझ्याकडे वळलं:
ओस्टरहाउस आणि मुलगा.
शुद्ध मध. मोंटानाचं उत्पादन.

मधाला कुणी विचारलं नाही
हिवाळ्यात कुठे होतास म्हणून.

"लेबल सुटं आहे का?" मी विचारलं.
होतं, खिशात एक गुंडाळी होती.
एक फाडून घेतलं.
कलम चौदाखाली चिकटवलं, थोडं तिरकं गेलं.
समिती गुरुवारी बसते.
पाचजण आहेत, दोघं तरी हसतील,
आणि डॉक्टर पेल्की चष्मा काढून
माझ्याकडे बघतील.

दुपारभर कागद हलवताना
टेबलावर हात चिकटत राहिला,
बाटली ठेवली होती तेवढ्याच
गोल जागेवर.
पुसायचं राहून गेलं.